गाडी उभी असताना

४ जानेवारी, सोमवार

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, तू दिवसभराचं सगळं आमच्या डोक्यावर ओततेस, त्यापेक्षा यात ओत." आगाऊ आहे कार्टी. पण वही चांगली आहे.

सतरा वर्षं मी सिटी बसवर कंडक्टर होते. तिकिटं फाडली, "पुढे सरका" ओरडून घसा बसवून घेतला, लोकांच्या कोपरांनी बरगड्या शेकून निघाल्या. मग युनियनने निवडणुकीला उभं केलं आणि लोकांनी खरंच निवडून दिलं! अजून सकाळी पाचला जाग येते आणि खांद्याला बॅग नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आज सभागृहाच्या इमारतीत पहिला दिवस. खोली दुसऱ्या मजल्यावर. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट, ज्याची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. टेबलावर कागदांचा हा ढीग. वरच चालक विधेयक. लांब पल्ल्याच्या चालकाने गाडी ताब्यात घेतल्यापासून परत देईपर्यंत आठ तास, त्यावर एक मिनिट नाही. फेरी त्याहून लांब असेल तर गाडीवर दुसरा चालक हवाच. समितीत अकराजण, त्यात मी.

मला तर भरून आलं. आमचे हे गेली नऊ वर्षं खासगी कंपनीची लांबची गाडी चालवतात. पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी सहाला तिकडे पोचायचं. तेरा तास, एकटे. दुसऱ्या दिवशी तशीच उलटी फेरी. म्हणजे विधेयक माझ्या घरातलंच की! पण चाळीस पानं वाचली आणि कळली तीन.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ. पन्नाशीचे, चष्मा, हातात कापडी पिशवी. "बसमालक संघटनेचा अभ्यास विभाग बघतो मी. कागद फार झाले असतील तर निवडून देऊ का?" तासाभरात त्यांनी ढिगाचे तीन गठ्ठे केले: आज वाचायचे, नंतर वाचायचे, कधीच न वाचायचे. जाता जाता कपाटाची किल्लीही कुठून तरी आणून दिली. असा माणूस पहिल्याच दिवशी भेटणं म्हणजे नशीबच. हात जोडले मी.

७ जानेवारी, गुरुवार

मी त्यांना गुरुजी म्हणायला लागले आहे. आज दोन तास नियम शिकवले. मी ते माझ्या भाषेत करून घेतले. दुरुस्ती मांडायची तर बैठकीच्या आधी दोन पूर्ण दिवस सोडून, संध्याकाळी पाचच्या आत खाली खिडकीत कागद द्यायचा. म्हणजे सुटायच्या आधी तिकीट काढायचं, चालत्या गाडीत मिळणार नाही. आणि मांडलेली दुरुस्ती मागे घ्यायची तर अध्यक्षांनी मताला टाकायच्या आत उठायचं. म्हणजे स्टॉप यायच्या आधी बेल मारायची. गुरुजी इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

त्यांचे वडीलही बसवर होते म्हणे. तरीच! मला म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं इथे यायला हवीत." माझी टिपणं ते मोठ्या टायपात छापून देणार आहेत, मला बारीक दिसत नाही हे न सांगता ओळखलं. खुर्चीने पाठ धरली होती तर गरम पाण्याची पिशवीसुद्धा आणली. सख्खा भाऊ एवढं करत नाही. (माझा तर मुळीच नाही.)

१२ जानेवारी, मंगळवार

हे काल रात्री घरी होते. जेवता जेवता डोळा लागला, घास हातात तसाच. लेक म्हणाली, "बाबा, ताटात तोंड बुडेल." दचकून उठले, हसले, पुन्हा जेवायला लागले.

आणि तो टॉवेल! एवढ्या थंडीत हा माणूस टॉवेल पिळून मानेभोवती गुंडाळतो आणि गाडीवर जातो. येतो तेव्हाही ओलाच. मी म्हटलं, "सर्दी होईल, मग माझ्या नावाने शिंका." तर म्हणे, "गाडीत उकडतं." जानेवारीत उकडतं! वयाबरोबर हट्टीपणा वाढतो तो असा.

विधेयकाबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले, "झालं तर बरं होईल." मी म्हटलं अहो, जरा नीट सांगा, मला समितीत बोलायचंय. म्हणाले, "तुझं काम तू कर. घरचं म्हणून करू नकोस." आणि झोपले. घोरायलासुद्धा वेळ घेतला नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज समितीची पहिली बैठक. सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेले. माझी वेळ आली तेव्हा गुरुजींचा कागद हातात होता म्हणून निभावलं. एकच घोळ झाला. वाचण्याच्या भरात मी म्हणाले, "आणि म्हणून अध्यक्षमहोदय, चालकांच्या हिताचा हा प्रश्न, येथे किंचित थांबावे, पाण्याचा एक घोट घ्यावा..."

मेले मी लाजेने! अध्यक्ष मात्र भले माणूस, स्वतःच पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. शेजारचे डॉक्टरसाहेब, हे विधेयकाच्या विरोधातले, हळूच कानात म्हणाले, "काळजी करू नका. माझ्या कागदावर 'चष्मा काढून सदस्यांकडे पाहावे' असं आहे." विनोदी आहेत. ते म्हणाले की गुरुजींचे वडील कंपाउंडर होते, म्हणून त्यांना दवाखान्यातलं इतकं कळतं. आधी बसवर असतील, मग कंपाउंडर झाले असतील. कष्टाळू माणूस.

विधेयकाच्या बाजूने पाच, विरोधात पाच आणि माझं सगळे विचारतात. "कंडक्टरबाई काय म्हणतात?" मी बाजूनेच आहे, हे उघड आहे. तरी विचारतात, मान देतात. बरं वाटतं.

१९ जानेवारी, मंगळवार

गुरुजींनी एका मोठ्या कंपनीचा डेपो दाखवायला नेलं. चालकांसाठी विश्रांतीची खोली बघून डोळे निवले. सहा पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, उशांवर दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून तशीच. इतक्या जपून वापरतात! आमच्या सिटी डेपोत एक बाकडं होतं, त्यालाही तीन पाय.

परतताना मी सहज म्हटलं, "गाडी उभी असते तेव्हा तरी ड्रायव्हरला आराम मिळायला हवा हो."

गुरुजी थांबलेच. "बाई, काय बोललात! हीच तर दुरुस्ती! गाडी उभी असेल तो वेळ चालकाच्या विश्रांतीचा. त्याच्या हक्काचा. कुणाला सुचलं नाही इतक्या वर्षांत." मला आपलं उगाच लाजल्यासारखं झालं. पण खरं आहे, सतरा वर्षं गाडीत काढल्याशिवाय असं सुचत नाही.

२० जानेवारी, बुधवार

दुरुस्तीवर सही केली. माझ्या आयुष्यातला पहिला कायदा! मजकूर गुरुजींनीच बसवून दिला: "प्रवासात गाडी ज्या ज्या वेळी उभी असेल, तो सर्व वेळ चालकाची विश्रांती म्हणून धरावा व आठ तासांच्या मोजणीतून वगळावा."

गुरुजी म्हणाले, "कंडक्टरबाईंनी मांडली म्हटल्यावर विरोध करणार कोण?" शिवाय माणूस पक्का सावध. हीच दुरुस्ती डॉक्टरसाहेबांच्या नावानेही ते शेवटच्या दिवशी, एक फेब्रुवारीला, पाचच्या आत खिडकीत टाकणार आहेत. "एक गाडी बंद पडली तर दुसरी तयार असावी." तीस वर्षांत कधी चुकले नाहीत म्हणे. मतदान चार तारखेला.

घरी ह्यांना कागद दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान टाइप केलंय." कौतुक करायला जीभ जड होते या माणसाची.

२३ जानेवारी, शनिवार

देव पावला! ह्यांची बदली जवळच्या गाडीवर. सकाळी आठला जायचं, दुपारी तीनला घरी. मालकाने स्वतः बोलावून सांगितलं. नऊ वर्षं मागून मिळालं नाही ते न मागता मिळालं. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "चांगल्या माणसांचं चांगलं होतं, बाई." मी पेढे... नाही, पेढे नको म्हणाले, साखर चालत नाही. चहा पाजला.

लांबची गाडी आता शिट्टीभाऊजींकडे. ह्यांचे जुने दोस्त. गाडी चालवताना सतत शिट्टी वाजवतात म्हणून हे नाव. असा आनंदी माणूस दुसरा नाही. हे मात्र तोंड पाडून बसलेत. "शिट्टीला विचारलं नाही. मलाही विचारलं नाही." आता चांगलं झालं त्याचंही यांना दुःख!

२४ जानेवारी, रविवार

हे अकरा तास झोपले. लेक दोनदा जाऊन श्वास चालू आहे का बघून आली. टॉवेल खुंटीवर, कोरडा.

३१ जानेवारी, रविवार

काल दुपारी शिट्टीभाऊजींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पंधरा जणांना खरचटलं, एका बाईचा हात मोडला. कुणी गेलं नाही. भाऊजींचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. फोन आला तेव्हा कंपनीचं नाव ऐकून आधी हेच डोळ्यांपुढे आले. हे माझ्या समोर बसून चहा पीत होते.

आज दवाखान्यात गेलो. भाऊजी पाय टांगून पडलेले. मला बघून उठायला लागले. "वहिनी, दोन ओळींचा तरी कायदा करा हो आमच्यासाठी." मी म्हटलं, "केलाय भाऊजी. चालकाला विश्रांतीचा हक्क, माझ्याच सहीने." भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी खिडकीकडे.

मग भाऊजींनी सांगितलं. "शिट्टी वाजवत होतो. ओठ कोरडे पडले, शिट्टी थांबली. पुढचं आठवतं ते एकदम पूल." मला कळेना. म्हटलं, शिट्टीचा काय संबंध? तर म्हणाले, "वहिनी, शिट्टी वाजतेय तोवर मी जागा आहे, एवढंच. यांचा टॉवेल, माझी शिट्टी. प्रत्येकाचं काहीतरी असतं."

यांचा टॉवेल. नऊ वर्षं मी तो टॉवेल वाळत घातला.

भाऊजींच्या शर्टाच्या खिशात आदल्या दिवशीच्या फेरीचा ड्युटीचा कागद होता. कंपनीने नव्या छापाचा दिलाय. दोन रकाने: "गाडी चालू" आणि "गाडी उभी (चालकाची विश्रांती)". टोलची रांग, थांबे, रेल्वेचं फाटक, सगळं उजव्या रकान्यात. बेरीज साडेपाच तास. मी विचारलं, "एवढा आराम केलात?" भाऊजी हसले आणि पाय दुखला. "सामान उतरवलं, टायर बघितले, काच पुसली, माणसं मोजली. फाटकाशी तर पाय ब्रेकवरच होता." तेरातून साडेपाच गेले, उरले साडेसात. आठाच्या आत. म्हणजे दुसऱ्या चालकाची गरजच नाही. हा हिशेब मला बसायला बोटंसुद्धा लागली नाहीत.

रकान्याखालच्या ओळी वाचल्या. प्रवासात गाडी ज्या ज्या वेळी उभी असेल, तो सर्व वेळ. माझी दुरुस्ती. शब्द न् शब्द.

कंडक्टरला एक खोड असते. तिकिटांचा गठ्ठा हातात आला की आधी खाली बारीक अक्षरात छपाईची तारीख बघायची, जुना गठ्ठा गळ्यात पडला तर नोकरीवर येतं. चष्मा लावला आणि बघितली. ५ डिसेंबर.

मला सुचलं होतं १९ जानेवारीला.

घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. लेक घाबरली, म्हणाली बाबा, आईला पण दाखवायचं का डॉक्टरला? सतरा वर्षं शेवटच्या स्टॉपवर गाडी उभी राहायची तेव्हा मी कधी टेकले? तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायचं, विसरलेल्या छत्र्या गोळा करायच्या, भांडणं मिटवायची. मला माहीत होतं. कुणी कौतुक केलं आणि मी माझंच विसरले. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

ह्यांना विचारलं, "कागद दाखवला तेव्हा का बोलला नाहीत?" म्हणाले, "तू इतकी खूष होतीस." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मला झोप मिळायला लागणार होती. मलाही मोह झाला." एवढं खरं बोलणारा माणूस मला मिळाला, याचे आभार कुणाचे मानू?

१ फेब्रुवारी, सोमवार

गुरुजी सव्वाचारला आले. हातात एक लिफाफा होता, घाईत दिसले. "खाली जायचंय, वाटेत डोकावलो." मी दार लावलं आणि भाऊजींचा ड्युटीचा कागद पुढे ठेवला.

"गुरुजी, दुरुस्ती मला जानेवारीत सुचली. मग डिसेंबरात छापखान्यात कशी गेली?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "छपाईची तारीख कुणी वाचत असेल असं मला वाटलं नव्हतं."

"आणि वडील?"

"शाळेत शिक्षक होते."

"मग बसवर होते असं का सांगितलंत?"

"तुम्ही बसवर होता म्हणून."

असा राग आला! आणि खरं सांगू, हसूही आलं. डॉक्टरांसाठी कंपाउंडर, माझ्यासाठी बस. त्या बिचाऱ्या शिक्षकाने किती नोकऱ्या केल्या! मग मी त्यांना सगळं सांगितलं. शिट्टी, कोरडे ओठ, पूल, ह्यांचा टॉवेल. म्हटलं, "ह्यांची बदलीही तुमचीच ना?" त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मी म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत. पण किल्ली आणून दिलीत ती खरी होती, नियम शिकवलेत तेही खरे होते. तुमच्याशिवाय मी त्या ढिगाखालीच मेले असते. त्याचे उपकार मी विसरणार नाही. आणि चार तारखेला दुरुस्ती मागे घेणार आहे. तुमच्याकडून शिकले तशीच."

त्यांनी विचारलं, "शिट्टी किती वर्षांचे?"

"बावन्न."

"माझ्याएवढे." हातातला लिफाफा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, चहा मिळेल?"

आता काय म्हणावं! एवढं बोलून वर चहा. पण मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? केला. प्यायलाही जगावेगळा वेळ लावला. एकेक घोट, मध्ये माझ्या घड्याळाकडे बघायचं, पुन्हा घोट. एरवी दहा मिनिटं बसत नाहीत. शेवटी तर कपात नुसता थंड गाळ होता, तरी कप धरून बसलेले. पाच वाजून दहा मिनिटांनी उठले. बहुतेक दमले असतील.

लिफाफा टेबलावरच राहिला, कपाचा डाग पडलेला. मी जिन्यापर्यंत धावले. मागे न वळता म्हणाले, "राहू दे बाई. आता उशीर झाला." कसली तरी कागदपत्रं असतील. कपाटात ठेवलाय.

आता धाकधूक एकच आहे. डॉक्टरांच्या नावाचा तो दुसरा कागद खिडकीत गेला असणार. मी मागे घेतली तरी तो उभा राहील.

४ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

अध्यक्षांनी माझ्या दुरुस्तीचा क्रमांक पुकारला. मी उठले. कागद नव्हता हातात. म्हणाले, "अध्यक्षमहोदय, स्टॉप यायच्या आधी बेल मारते. मी ही दुरुस्ती मागे घेते." मग मी शिट्टीभाऊजींचा ड्युटीचा कागद वाचून दाखवला, उजवा रकाना, ओळीने. नऊ वाजून पाच मिनिटं, टोल, विश्रांती. नऊ वाजून चाळीस, फाटक, विश्रांती. म्हणाले, "माझ्या घरातला माणूस ओला टॉवेल मानेला बांधून गाडी चालवतो आणि मी त्याला सर्दीवरून बोलत होते. ही चूक माझी आहे, सही माझी आहे. गाडी उभी असताना ड्रायव्हर बसलेला नसतो, हे मला माहीत असून मी विसरले. तुम्ही विसरू नका." पाणी प्यायचं राहूनच गेलं.

अध्यक्षांनी विचारलं, "हीच दुरुस्ती आणखी कुणाच्या नावाने?" डॉक्टरसाहेब आपले कागद चाळत होते, खालचे वर, वरचे खाली. कारकुनाने वही उलटीसुलटी केली. "नाही, साहेब. दुसरी सूचना आलेली नाही." डॉक्टर म्हणाले, "असं कसं? मी तर सही करून दिली होती!" पण मुदत टळलेली. कलम मूळ होतं तसं मताला गेलं. सहा विरुद्ध पाच. मंजूर!

घरी येऊन सांगितलं आणि मला एकदम उलगडलं. अगंबाई! गुरुजी त्या दिवशी खाली निघाले होते ते खिडकीतच कागद द्यायला! माझ्या चहापायी त्यांची वेळ टळली! तीस वर्षांत पहिल्यांदा चुकले बिचारे, आणि तेही माझ्यामुळे. लेक माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, चहा इतका गरम होता?" मी म्हटलं, गरम कुठला, पाणी झालं होतं. तिने कपाळाला हात लावला आणि माझा मुका घेतला. या मुलीचं मला काही कळत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

हे पुन्हा लांबच्या गाडीवर. मालकाने न बोलावता, फळ्यावर नाव लिहून. समितीत झालं म्हणजे कायदा झाला नाही, अजून सभागृह आहे. तोवर तेरा तास, एकटे. मी रडले. हे म्हणाले, "बरं झालं. शिट्टीच्या पायावर झोपत होतो मी. अकरा तासांतसुद्धा स्वप्नात पूलच यायचा."

पहाटे टॉवेल मी स्वतः पिळून दिला. माझ्या हाताने.

गुरुजींना पत्र लिहिलं. माझ्या चहामुळे उशीर झाला त्याची माफी मागितली, आणि सगळ्याबद्दल आभार मानले.

२ मार्च, मंगळवार

पत्र परत आलं. "सदर व्यक्ती येथे काम करत नाही." संघटनेकडून आता एक चुणचुणीत मुलगी येते, पिशवी चामड्याची. तिला विचारलं तर म्हणाली, ते गेले. कुठे गेले विचारलं तर बूट बघायला लागली. मोठ्या हुद्द्यावर गेले असणार. एवढा हुशार माणूस अभ्यास विभागात किती दिवस राहील?

८ एप्रिल, गुरुवार

दिवसाआड पहाटे टॉवेल, संध्याकाळी सहाला फोन. "पोचलो." त्या एका शब्दावर माझा दिवस टांगलेला असतो. आज सभागृहात मतदान होतं.

सकाळी माझ्या बाकावर एक पाकीट. आत एकच कागद, मोठ्या टायपात. कोण काय आक्षेप घेणार, कुठल्या क्रमाने, आणि प्रत्येकाला उत्तर काय द्यायचं. खाली सही नाही, नाव नाही. पण तिसऱ्या परिच्छेदानंतर लिहिलं होतं: "येथे किंचित थांबावे. पाण्याचा एक घोट घ्यावा."

मी थांबले. घोट घेतला. ग्लासमधलं दिसत नव्हतं इतके डोळे भरले होते. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर जाऊनसुद्धा माझी आठवण ठेवली! आणि आपल्याच माणसांविरुद्ध! आक्षेप त्याच क्रमाने आले, एकही चुकला नाही. विधेयक अकरा मतांनी मंजूर झालं.

१५ जून, मंगळवार

आजपासून कायदा लागू. शिट्टीभाऊजी काठी टाकून पहिल्या दिवशी हजर, ह्यांच्याच गाडीवर दुसरे चालक म्हणून. दुपारी दोनला ह्यांचा फोन आला. दोनला! मी इतकी घाबरले की चप्पल घालून उभी राहिले.

"काय झालं? कुठे आहात?"

"काही नाही. मागच्या बर्थवर आडवा आहे. आत्ताच उठलो."

"आणि गाडी?"

"शिट्टी चालवतोय."

मी कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज, कुणाचं तरी तान्हं रडत होतं. "भाऊजींची शिट्टी ऐकू येत नाही ती?"

"वाजवत नाही. म्हणतो, आता कशाला? गप्प बसून रस्ता बघतोय." मग म्हणाले, "इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं गं, या रस्त्याला एवढी झाडं आहेत."

फोन ठेवला आणि खाली बसले. आज ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी करावी म्हणून वही उघडली. शिट्टीभाऊजी, ज्यांनी खिशातला कागद फेकून दिला नाही. हे, जे खरं बोलले. मला निवडून देणारी माणसं. छापखान्यातला तो कुणीतरी, जो खाली तारीख घालायला विसरला नाही. आणि गुरुजी. त्यांनी मला फसवलं आणि त्यांनीच मला शिकवलं, आता यातलं कमी काय नि जास्त काय हे मला ठरवता येत नाही. ठरवायचंही नाही. कुठे असतील तिथे सुखात असोत, आणि त्यांना कुणीतरी चांगला गरम चहा देवो.

कपाटातला तो लिफाफा मी अजून उघडलेला नाही. लेक म्हणते, उघड एकदा. पण दुसऱ्याचा कागद आहे, ते भेटले की परत देईन.

टॉवेल हे आज घरीच विसरून गेले. खुंटीवर आहे. मी मघाशी हात लावून बघितला.